रीबिल्ड केलेल्या इंजिनचं हेड गॅस्केट पाणी का सोडतं, आणि ते आधीच कसं थांबवायचं

इंजिनचं पूर्ण काम काढलंय. बोअर झाला, नवीन पिस्टन-रिंगा आल्या, हेडचं पोर्टिंग झालं, कॅम बदलला. गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळतेय. मग महिनाभरात एक दिवस लक्षात येतं की कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलीय. गाडीखाली थेंब दिसत नाही. भरलं की पुन्हा चार दिवसांनी कमी. आणि गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: "गॅस्केट खराब निघालं, दुसरं टाकू." दुसरं टाकतात. मजुरी परत, ऑइल परत, कूलंट परत. थोड्या दिवसांनी तेही जातं.

मी इंजिन बांधायचं काम करतो आणि माझं मत सरळ आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनात गॅस्केट स्वतःहून फार क्वचित खराब होतं. ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबलं जातं, जे बोल्ट त्याला दाबतात, आणि नंतर त्या जोडावर जी उष्णता आणि जो दाब येतो, त्यात कुठेतरी गडबड असते. गॅस्केट फक्त ती दाखवून देतं. म्हणून या लेखात "कोणत्या कंपनीचं गॅस्केट चांगलं" यापेक्षा त्याच्या वरच्या आणि खालच्या गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच इंजिन डोळ्यासमोर ठेवू: मारुती जिप्सीतलं १.३ लिटरचं जी१३. १२९८ सीसी, चार सिलिंडर, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच, आत बिडाचे लायनर. हे इंजिन एस्टीममध्येही होतं. आपल्याकडे रॅलीसाठी आणि हौशी ऑफरोडसाठी या इंजिनची जितकी कामं होतात तितकी फार थोड्या इंजिनांची होत असतील. तुमची गाडी वेगळी असली तरी तत्त्व तेच. फक्त आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

गॅस्केट नेमकं काय करतं?

ब्लॉक आणि हेड यांच्या मधोमध एक पातळ चकतीसारखा थर असतो, तो हेड गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जाळ, वर जाणारं ऑइल आणि ब्लॉकमधून हेडमध्ये फिरणारं पाणी.

यातला जाळ किती जोराचा? चांगल्या ट्यून केलेल्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनात पूर्ण जोर असताना सिलिंडरचा दाब ६० बारच्या आसपास जातो. ७४ मिमी बोअरचं क्षेत्रफळ होतं ४३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक स्फोटाला त्या एका सिलिंडरवर हेड वर उचलायला बघणारं बल साधारण २.६ टन. एक मोठी एसयूव्ही हेडखाली जॅक लावून उभी केल्यासारखं. टर्बो लावला आणि दाब १०० बारपर्यंत गेला की तेच ४.३ टन होतं. बोल्टांचा ताण या बलापेक्षा कायम जास्त राहिला पाहिजे, नाहीतर हेड सूक्ष्मपणे उचललं जातं.

आता प्रश्न असा की जाळाचा दाब ६० बार आणि पाण्याचा जेमतेम १ बार, मग पाणीच आधी का सुटतं? कारण बोल्टांचा जोर गॅस्केटवर सगळीकडे सारखा वाटला जात नाही. सिलिंडरभोवतीची कडी, म्हणजे फायर रिंग, सगळ्यात कडक असते आणि बहुतेक जोर तीच खाते. पाण्याच्या भोकांभोवती जो उरतो तो जोर. त्यामुळे हेड थोडं वाकडं असेल, पृष्ठभाग खरबरीत असेल, बोल्ट थोडा कमी ताणला असेल, तर जाळ अडकून राहतो पण पाणी वाट शोधतं.

पाणी कुठे जातंय, हे आधी ओळखा

बाहेर झिरपत असेल तर हेड आणि ब्लॉकच्या जोडावर कूलंटच्या रंगाची सुकलेली रेघ किंवा पांढरट पापुद्रा दिसतो. हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. ऑइलमध्ये जात असेल तर डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, बेअरिंगं जातात. (फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल तर घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही येतो.) सिलिंडरमध्ये जात असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर अडखळतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि प्लग काढून पाहिले तर चारपैकी एक धुतल्यासारखा स्वच्छ असतो.

चौथा प्रकार उलटा आहे. जाळाचा गॅस पाण्यात घुसतो. इंजिन थंड आहे, स्टार्ट करून मिनिटही झालं नाही आणि रेडिएटरचा वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे. बाटलीत सतत बुडबुडे येतात. हा गॅस पाण्याला बाहेर ढकलतो आणि लोक म्हणतात "गाडी पाणी पिते". खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर नावाची साधी नळी मिळते. तिच्यातलं निळं द्रव्य रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा खेचली की जळक्या गॅसमुळे ते पिवळं होतं. हेड उतरवायचा निर्णय घेण्याआधी ही चाचणी आणि कूलिंग सिस्टमला हातपंपाने दाब देऊन बघायची चाचणी, दोन्ही कराच. कारण वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा हीटरच्या पाइपमधून जाणारं पाणीही "गॅस्केट गेलं" या नावावर खपतं.

फेसिंग: इथेच बहुतेक इंजिनं फसतात

हेड उतरवलं की पहिलं काम म्हणजे ते सरळ आहे का हे मोजणं. जाड, अचूक सरळपट्टी हेडच्या तोंडावर ठेवायची आणि खालून फीलर गेजची ०.०५ मिमीची पट्टी जाते का बघायचं. लांबीने, दोन्ही कडांना, मध्ये, आणि दोन्ही कर्णांवर. ०.०५ मिमी म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जी१३ सारख्या छोट्या चार सिलिंडरच्या हेडला साधारण हीच मर्यादा धरतात. पट्टी आत गेली तर फेसिंग मारावं लागेल.

इथवर सगळे करतात. पण ब्लॉकचं तोंड? तेच मोजलं जात नाही. "हेडचं फेसिंग मारलंय ना, मग झालं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजायचं सोडून ऐकत नाही. गॅस्केटला दोन बाजू असतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर बोल्टच्या भोकांभोवती धातू वर ओढला जाऊन बारीक उंचवटे तयार होतात, आणि लायनरची कड ब्लॉकच्या तोंडापेक्षा खाली बसलेली असू शकते. लायनर खाली गेला की फायर रिंगला टेकायला काही उरत नाही. हाताचं बोट फिरवून हे कळत नाही. सरळपट्टी किंवा डायल गेज लागतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे गुळगुळीतपणा. मशीन शॉपवाले त्याला आर-ए म्हणतात. पृष्ठभागाच्या सूक्ष्म उंचसखलपणाचा हा सरासरी आकडा. जुन्या पद्धतीच्या कंपोझिट गॅस्केटला थोडा खरबरीत पृष्ठभाग चालतो, किंबहुना आवडतो, कारण त्याचा मऊ थर त्या खाचांत रुततो. पण आता परफॉर्मन्स कामात जे एमएलएस गॅस्केट वापरतात, म्हणजे स्टीलचे तीन-चार पातळ पत्रे एकावर एक आणि वर पातळ रबरी लेप, त्याला पृष्ठभाग खूप साफ लागतो. बहुतेक उत्पादक ५० मायक्रोइंचांपेक्षा कमी, म्हणजे १.२७ मायक्रॉनच्या आत मागतात. ३० च्या आसपास मिळालं तर उत्तम. त्यापेक्षा खरबरीत तोंडावर एमएलएस बसवलं तर लेप खाचा भरू शकत नाही आणि पाणी त्या बारीक नाल्यांतून हळूहळू सरकतं. गॅस्केट महाग, काम नवीन, आणि तरी गळती. बाहेर झिरपणाऱ्या नव्या कामांमध्ये मी सगळ्यात आधी संशय याच्यावर घेतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा तुमच्या गावच्या एमआयडीसीत काय, हेड घेऊन जाल तेव्हा "फेसिंग मारा" एवढंच सांगून निघून येऊ नका. एमएलएस गॅस्केट बसणार आहे, बारीक फिनिश पाहिजे, आणि किती मिमी काढलं ते लिहून द्या, असं सांगा. चांगला मशीनवाला शेवटचा कट हलका आणि सावकाश घेतो. विचारल्यावर चिडला तर दुसरा बघा.

जुनं गॅस्केट खरवडण्याबद्दलही बोलायला हवं. ड्रिल मशीनला खरबरीत चकती लावून दोन मिनिटांत ॲल्युमिनियम चकाचक करायची पद्धत फार बोकाळलीय. दिसायला छान. पण ती चकती मऊ ॲल्युमिनियम खाते आणि पाण्याच्या भोकांपाशी न दिसणारे खड्डे पाडते. वर चकतीचे कडक कण ऑइलच्या वाटांमध्ये जातात आणि नव्या बेअरिंगांना कानस लावल्यासारखे घासतात. प्लास्टिकची खरवडणी, गॅस्केट रिमूव्हर आणि धीर. एवढंच लागतं.

पाण्याच्या भोकांभोवती खड्डे खाल्लेले असतील (वर्षानुवर्षं साधं बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं) तर वरवर फेसिंग मारून भागत नाही. तिथे वेल्डिंगने धातू भरून मग फेसिंग करावं लागतं.

आणि किती काढलं याला किंमत आहे. हेड खूप वाकलं असेल तर फक्त खालचं तोंड सरळ करून उपयोग नाही. वर कॅम ज्या घरांत फिरतो तीही वाकलेली असतात. तोंड कापल्यावर खालून हेड सरळ दिसतं पण कॅम हाताने फिरत नाही, जाम होतो. शिवाय हेड खाली आलं की टायमिंग बेल्टची बाजू सैल होते आणि कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं. कॉम्प्रेशनही वाढतं. हिशोब करून बघा: एका सिलिंडरचे ३२४.५ सीसी, कॉम्प्रेशन समजा ९, म्हणजे वरची जागा ४०.६ सीसी. त्यातले सव्वादोन सीसी कमी केले, तर जागा राहते ३८.४ आणि कॉम्प्रेशन होतं जवळपास ९.५. हेडच्या तोंडावर किती मिमी काढल्यावर एवढे सीसी जातात हे चेंबरच्या आकारावर ठरतं, म्हणून चेंबर सिरिंजने ऑइल भरून मोजायचा. हा वाढलेला आकडा पुढे नॉकिंगच्या रूपाने परत भेटतो.

बोल्ट: टॉर्क पाना जे दाखवतो ते खरं नसतं

टॉर्क पाना खोटं बोलत नाही, पण आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. बोल्ट फिरवताना आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि हेड दाबायला उरतो जेमतेम १० टक्के. आता आट्यांमध्ये गंज किंवा जुनं सीलंट असेल आणि घर्षण थोडंसंच वाढलं, तर हा १० टक्क्यांचा हिस्सा निम्म्यावर येऊ शकतो. पाना "कट" म्हणून वाजतो, आणि हेड प्रत्यक्षात अर्ध्याच जोराने दाबलेलं असतं.

म्हणून प्रत्येक भोकाचे आटे साफ करायचे. कापणारा टॅप घालू नका, तो धातू काढतो. आटे साफ करणारा चेसर टॅप वेगळा मिळतो. मग भोक हवेने पूर्ण कोरडं. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा कूलंट साचलेलं राहिलं आणि वरून बोल्ट आला, तर द्रव दबत नाही, तो ब्लॉकच फोडतो. किंवा बोल्ट द्रवावर टेकतो, टॉर्क पूर्ण दाखवतो आणि हेड सैलच. याउलट काही इंजिनांत बोल्टची भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. शेव्हरोलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही८ हे त्याचं जुनं प्रसिद्ध उदाहरण. तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी बोल्टच्या आट्यांवरून चढत वर येतं आणि गॅस्केट बिचारं उगाच बदनाम होतं. तुमच्या इंजिनात कोणता प्रकार आहे ते भोकात तार घालून बघा.

बोल्टला काय लावायचं? मॅन्युअलचा आकडा इंजिन ऑइल लावलेल्या बोल्टसाठी असेल तर इंजिन ऑइलच लावा. मॉलीचं ग्रीस जास्त घसरडं असतं. तोच टॉर्क दिला तर ताण कितीतरी जास्त येतो आणि ॲल्युमिनियम ब्लॉकचे आटे उपटून बाहेर येतात. आटे आधीच दमलेले वाटत असतील तर स्टीलचं आट्याचं इन्सर्ट आधीच बसवून घ्या, हेड बांधताना कळण्यापेक्षा बरं.

डिग्री फिरवून ताणायचे बोल्ट (आधी ठरावीक टॉर्क, मग ९० डिग्री वगैरे) असतील तर नवेच घ्या. ते एकदा कायमचे ताणले जातात. जास्त ताकदीच्या इंजिनात स्टड बसवतात ते फॅशन म्हणून नाही. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच घट्ट करायचा असतो आणि नंतर वरून नट फिरतो, त्यामुळे ब्लॉकच्या आट्यांवर पिळ येत नाही आणि ताण जास्त एकसारखा मिळतो. वारंवार हेड उतरणाऱ्या ॲल्युमिनियम ब्लॉकला तर स्टडचा फायदा आणखी.

क्रम नेहमी मधून बाहेर, तीन टप्प्यांत. बाहेरून सुरू केलं तर मध्ये फुगवटा अडकतो आणि तो कितीही टॉर्क दिला तरी बसत नाही.

गॅस्केट निवडताना

कंपोझिट गॅस्केट रोजच्या गाडीला आणि जरा मार खाल्लेल्या पृष्ठभागाला ठीक. पृष्ठभाग बारीक मिळत असेल आणि ताकद वाढवली असेल तर एमएलएस. तांब्याचं गॅस्केट जाळाला अप्रतिम पण पाण्याला कच्चं. रोज चालणाऱ्या गाडीत मी ते घालत नाही.

बोअर वाढवला असेल तर गॅस्केटचं भोकही बघा. जी१३ चा बोअर ७४ वरून ७४.५ केला की इंजिन होतं साधारण १३१६ सीसीचं, ताकदीत काही कळण्यासारखा फरक नाही. पण गॅस्केटची कड सिलिंडरमध्ये डोकावत असेल तर ती जाळात लालभडक होते, मिश्रण वेळेआधी पेटवते आणि स्वतःही जळून जाते. गॅस्केटचं भोक सिलिंडरपेक्षा थोडं मोठंच हवं. ब्लॉकवर कोरडं ठेवून, पिस्टन खाली घेऊन, चारही सिलिंडरभोवती नजर फिरवा. पाण्याची भोकं जुन्या गॅस्केटशी ताडून बघा; काही भोकं मुद्दाम लहान असतात, ती मोठी करायची नसतात, कारण पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून पुढे अडवलेलं असतं.

एमएलएसवर वरून सीलंट फासायचं का? उत्पादकाने सांगितलं नसेल तर नाही. त्याचा लेप हेच त्याचं सीलंट. आणि रेडिएटरमध्ये ओतायचं गळती थांबवणारं द्रव्य नव्या इंजिनात अजिबात नको. ते रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच प्रेमाने बंद करतं.

नॉकिंग गॅस्केटला मारतं

सगळं बरोबर बांधलं आणि तरी दोन महिन्यांत गेलं, तर माझा पहिला प्रश्न असतो: चढावर खालच्या आरपीएमला पाय दाबल्यावर खडखड आवाज येतो का? प्लगने पेटवलेला जाळ पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, ते नॉकिंग. दाबाची लाट सिलिंडरमध्ये सेकंदाला ६-७ हजार वेळा आपटते. गॅस्केटची कडी या हातोड्याखाली हळूहळू चपटी होते, आणि मग शेजारचं पाण्याचं भोक उघडं पडतं. वाढलेलं कॉम्प्रेशन, पुढे केलेलं इग्निशन टायमिंग, पेट्रोल कमी पडलेलं पातळ मिश्रण, यातलं एकही असलं तरी पुरे. परफॉर्मन्स इंजिनात हे तिन्ही एकदम असतात. थोडं टायमिंग मागे घेतलं तर दोन-तीन घोडे जातील. जाऊ देत.

उष्णतेचं गणित

ॲल्युमिनियम तापल्यावर दर डिग्रीला स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. बोल्ट स्टीलचा, हेड ॲल्युमिनियमचं. १०० मिमी उंचीचं हेड ८० डिग्री तापलं तर ते बोल्टपेक्षा साधारण ०.०९ मिमी जास्त पसरतं, म्हणजे गरम इंजिनात गॅस्केट आणखी घट्ट दाबलं जातं. नेहमीच्या तापमानाला हे धरून डिझाइन केलेलं असतं. पण एकदा इंजिन जोरात ओव्हरहीट झालं की बोल्टच्या डोक्याखालचं ॲल्युमिनियम दबून बसतं, आणि गाडी थंड झाल्यावर तो ताण परत येत नाही. म्हणूनच काही गाड्या सकाळी थंड असताना पाणी सोडतात आणि गरम झाल्यावर थांबतात. ब्लॉक बिडाचा असेल तर आणखी एक भर: ४०० मिमी लांबीचं हेड ब्लॉकपेक्षा ०.३८ मिमी जास्त लांबतं आणि गॅस्केटवर घासतं. दर स्टार्टला.

रोव्हर कंपनीचं के-सिरीज इंजिन याच विषयात जगभर गाजलं. १९८८ साली आलेलं, हलकं, ॲल्युमिनियमचं, ब्रिटनमध्ये लाखो गाड्यांत बसलेलं. आणि त्याची हेड गॅस्केटं जायची, विशेषतः १.८ लिटरची. त्यातलं एक कारण शिकण्यासारखं आहे. थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला होता आणि आत पाणीही कमी. इंजिन तापलेलं असताना थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधलं थंड पाणी एकदम ब्लॉकमध्ये घुसायचं. असे धक्के वारंवार. पुढे थर्मोस्टॅटची रचना बदलली आणि एमएलएस गॅस्केट आलं. आपल्याकडे "गाडी थंड राहते" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने इंजिन सतत कमी-जास्त तापमानात हेलकावे खातं. नवा थर्मोस्टॅट बसवा, आणि बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का बघा.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. रेडिएटरचं झाकण नवं घ्या, ते काही फार महाग नाही. ०.९ बारच्या चांगल्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं. स्प्रिंग गेलेल्या झाकणाखाली १०० लाच. उकळलं की हेडमध्ये वाफेचे खिसे होतात, आणि वाफ धातू थंड करत नाही.

पहिल्यांदा पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर असेल तर पूर्ण गरम बाजूला, आणि सावकाश भरा. स्टार्ट करून फॅन सुरू होईपर्यंत थांबा, बंद करा, रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या, पातळी बघा. असं दोन-तीन वेळा. पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरते, ती हवा निघाल्याची. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर शोध सुरू करा. बोल्ट परत टॉर्क करायचे का? जुन्या कंपोझिट गॅस्केटला मॅन्युअल सांगत असेल तर हो, इंजिन पूर्ण थंड असताना. एमएलएसला सहसा नाही.

खिशातला फोन इथे कामाला येतो

नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट असतो. ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावला की ॲपवर कूलंटचं खरं तापमान आकड्यात दिसतं. डॅशवरचा काटा त्या कामाचा नाही. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमधच स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. रोजच्या रस्त्यावर तुमची गाडी किती डिग्रीला फिरते ते आठवडाभर लिहून ठेवा. नेहमी ९२ दाखवणारी गाडी त्याच चढाला १०१ दाखवायला लागली तर पाणी कमी व्हायच्या आधीच तुम्हाला कळतं. एक सावधगिरी: पाणी इतकं खाली गेलं की सेन्सर कोरडा पडला, तर आकडा उलट खाली येऊ शकतो. गाडी तापलेली वाटतेय आणि ॲप अचानक ७० दाखवतंय, तर ॲपवर विश्वास ठेवू नका.

जुन्या जिप्सीला सॉकेट नसेल तर वेगळा मीटर बसवा. पण कॅमेरा तर आहेच. थंड इंजिन स्टार्ट करून बाटलीतल्या पाण्याचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. एकसारख्या लयीत येणारे बुडबुडे डोळ्यांपेक्षा त्यात स्पष्ट दिसतात. हेड उतरवल्यावर जुन्या गॅस्केटचे दोन्ही बाजूंनी, पुढची बाजू कुठली हे खडूने लिहून, उजेडात फोटो काढा. फायर रिंग चपटी झाली असेल तर नॉकिंग, पाण्याच्या भोकाजवळ लेप तसाच कोरा असेल तर तिथे दाबच पडला नव्हता, भोकापासून कडेपर्यंत गंजाचा माग असेल तर पाणी त्याच वाटेने गेलं. तो माग ब्लॉकवर आणि हेडवर नेमका कुठे येतो, तिथेच सरळपट्टी आधी ठेवा. मेकॅनिकने गॅस्केट फेकून दिलं की हा पुरावा गेला, म्हणून उतरवताना तिथे हजर राहा, किंवा त्याला फोटो पाठवायला सांगा.

आणि समजा आंबा घाट चढताना आकडा ११० च्या वर गेलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला. इंजिन बंद करून बॉनेट उघडा आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. गरम हेडवर बाटलीतलं थंड पाणी ओतू नका, आतही आणि बाहेरूनही. होस हाताने दाबता येईल इतका मऊ झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवा, दाब निघू द्या, मग पूर्ण उघडा. पाणी भरून इंजिन पुन्हा सुरू कराल तेव्हा डिपस्टिक आधी बघा. ऑइल चहासारखं झालं असेल तर किल्ली खिशात ठेवा आणि टोइंगला फोन करा.